घरी राइट करायला कोरी सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे कोणती घ्यावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेलं लग्न, घरगुती मैफलींचं ध्वनिमुद्रण, दहा वर्षांचे फोटो, सोसायटीची कागदपत्रं. असा मजकूर ज्यांना डिस्कवर जपायचा आहे त्यांच्यासाठी ही माहिती आहे. डिस्क राइट झाली म्हणजे ती टिकेल असं नसतं, आणि डब्यावरच्या नावावरून आतली डिस्क कळत नाही. बहुतेक प्रश्न याच दोन गोष्टींपाशी येऊन थांबतात.

थेट सांगा, आज काय विकत घ्यायचं?

ब्लू-रे राइटर असेल किंवा घ्यायची तयारी असेल, तर २५ जीबीची एचटीएल प्रकारची (म्हणजे काय ते पुढे येईल) बीडी-आर, म्हणजे एकदाच राइट होणारी कोरी ब्लू-रे. फक्त डीव्हीडी राइटर असेल, तर व्हर्बॅटिमची डब्यावर 'अ‍ॅझो' लिहिलेली (हे राइट होणाऱ्या थराच्या रंगद्रव्याचं नाव) १६एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या १६ पटीने राइट होऊ शकणारी, डीव्हीडी+आर किंवा डीव्हीडी-आर, आणि ती ८एक्सला राइट करायची. गाण्यांच्या सीडीसाठी नेहमीची ८० मिनिटांची, ७०० एमबीची सीडी-आर.

९० किंवा ९९ मिनिटांच्या सीडीच्या वाटेला जाऊ नका. जास्तीचा वेळ मिळवण्यासाठी त्यात खाचांचं वेटोळं प्रमाणापेक्षा दाट केलेलं असतं आणि बरेच प्लेअर शेवटच्या गाण्यांवर अडकतात. ८.५ जीबीची ड्युअल लेयर डीव्हीडीही जपणुकीसाठी नको. तेवढाच मजकूर दोन साध्या डीव्हीडींवर स्वस्तात आणि जास्त भरवशाने बसतो. अखंड मोठी फाइल असल्यामुळे ड्युअल लेयर घ्यावीच लागली, तर व्हर्बॅटिमची डीव्हीडी+आर डीएल घ्या आणि ४एक्सच्या वर जाऊ नका.

एकाच कंपनीचा एक डबा उत्तम निघतो आणि पुढचा टाकाऊ. असं का?

कारण डब्यावर नाव छापणारी कंपनी आणि डिस्क बनवणारा कारखाना बहुतेक वेळा वेगळे असतात. नाववाल्या कंपन्या माल बाहेरून घेतात. या तिमाहीत एका कारखान्याकडून, पुढच्या तिमाहीत दुसऱ्याकडून. डबा, रंगसंगती, किंमत सगळं तेच राहतं. तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्स आणि रायटेक या कारखान्यांचा माल अनेक नावांखाली विकला गेला. आपल्याकडे नोएडाच्या मोझर बेअरनेही स्वतःच्या नावाने आणि दुसऱ्यांसाठी प्रचंड प्रमाणात डिस्क बनवल्या. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात गेली, त्यामुळे आज दुकानात दिसणारा तिचा माल जुना साठा असतो.

जपानची तायो युडेन ही घरी राइट करणाऱ्यांची सर्वांत आवडती. तिने २०१५ च्या अखेरीस हा धंदा बंद केला आणि तिचं तंत्र सीएमसीकडे गेलं. व्हर्बॅटिमही २०१९ मध्ये मित्सुबिशी केमिकलकडून सीएमसीकडे आली. पॅनासॉनिकने कोऱ्या ब्लू-रेचं उत्पादन फेब्रुवारी २०२३ मध्ये थांबवलं, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये. थोडक्यात, दहा वर्षांपूर्वी ऐकलेला सल्ला आजच्या डब्याला लागू होईलच असं नाही.

मग आतली डिस्क कोणाची, हे कसं ओळखायचं?

प्रत्येक कोऱ्या डिस्कमध्ये साच्यातूनच एक ओळख-कोड उमटवलेला असतो. राइटर तो आधी वाचतो आणि त्यानुसार लेसरची ताकद व स्पंद ठरवतो.

विंडोजवर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे इमजीबर्न. प्रोग्राम उघडा, 'इमेज फाइल डिस्कवर राइट करा' हा पर्याय निवडा, कोरी डिस्क घाला आणि उजवीकडच्या माहितीच्या चौकटीत 'डिस्क आयडी' शोधा. तिथेच ही डिस्क तुमच्या राइटरमध्ये किती वेगांनी राइट होऊ शकते तेही दिसतं. इमजीबर्नची शेवटची आवृत्ती २.५.८.० ही २०१३ ची आहे, पण काम चोख करते. उतरवून घेताना मात्र जपा. काही संकेतस्थळांवर तिच्यासोबत नको असलेले प्रोग्राम चिकटवलेले असतात. लिनक्सवर हेच काम क्यूपीएक्सटूलने होतं.

कोणते कोड दिसले की निश्चिंत व्हायचं?

डीव्हीडी+आरमध्ये 'एमसीसी ००४' आणि डीव्हीडी-आरमध्ये 'एमसीसी ०३आरजी२०'. हे मित्सुबिशी केमिकलच्या अ‍ॅझो रंगद्रव्याचे १६एक्सचे कोड आहेत. तायो युडेनचे 'युडेन०००' ने सुरू होणारे टी०२, टी०३ आणि डीव्हीडी-आरचे टीवायजी०२, टीवायजी०३ हे पूर्वीचे मानदंड. 'सीएमसी मॅग' ने सुरू होणारे कोड साधारण प्रतीचे. एखादा डबा ठीक निघतो, एखादा नाही. मित्रांना व्हिडिओ द्यायला चालतील, मुलांचे फोटो जपायला नकोत. 'रायटेक' आणि मोझर बेअरचे 'एमबीआय' कोड याच गटात धरा आणि प्रत्येक डबा तपासून घ्या.

सीडी-आरमध्ये कोड वेळेच्या रूपात असतो. ९७ मिनिटं ३४ सेकंद २३ फ्रेम म्हणजे मित्सुबिशी केमिकल, ९७:२४:०१ तायो युडेन, ९७:२६:६६ सीएमसी, ९७:१५:१७ रायटेक, ९७:१७:०६ मोझर बेअर. शेवटचा आकडा एखाद्या अंकाने वेगळा दिसला तर गोंधळू नका. तो रंगद्रव्याच्या प्रकाराशी निगडित असतो.

म्हणजे कोड चांगला तर डिस्क चांगली?

नाही. कोड सांगतो साचा आणि रंगद्रव्य कोणाचं. डिस्क कुठल्या यंत्रावर आणि किती काळजीने ओतली गेली, हे तो सांगत नाही. 'एमसीसी ००४' च्या डिस्क परवान्याने तैवानमध्येही बनल्या आणि भारतात मोझर बेअरमध्येही. दोन्हींचा कोड एकच, निकाल वेगवेगळे. म्हणून डब्यावरचं 'मेड इन' सुद्धा वाचा. शिवाय नामांकित कोडची नक्कलही होते, तायो युडेनची तर भरपूर झाली. ज्या कंपनीने २०१५ मध्ये उत्पादन थांबवलं तिचा 'ताजा माल' कोणी विकत असेल, तर तो एकतर जुना साठा आहे किंवा खोटा.

उलटही घडतं. व्हर्बॅटिम नावाखालीच अमेरिकेत 'लाइफ सिरीज' ही स्वस्त मालिका विकली गेली आणि तिच्यात 'सीएमसी मॅग' कोडच्या डिस्क निघाल्या. नाव बघून थांबू नका, डब्यावर 'अ‍ॅझो' आहे का तेही पाहा.

दुकानात डबा हातात घेतल्यावर काय पाहायचं?

प्लास्टिकचं सीलबंद वेष्टण शाबूत हवं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सुट्या डिस्क कागदी पाकिटात मिळतात, त्या जपणुकीसाठी घेऊ नका. त्या डिस्क कुठल्या डब्यातल्या, किती ऊन-दमट खाल्लेल्या, कळायला मार्ग नसतो. काचेच्या कपाटात उन्हात ठेवलेला डबाही नको. रंगद्रव्य प्रकाशाने बिघडतं, डिस्क कोरी असली तरी.

आधी एकच डबा घ्या. त्यातली वरून एक, मधून एक आणि तळातून एक अशा तीन डिस्क काठोकाठ भरून राइट करा आणि पुढे दिल्याप्रमाणे तपासा. तळातली डिस्क मुद्दाम घ्यायची, कारण वजन आणि ओलावा तिथे जास्त लागतो. तिन्ही पास झाल्या की त्याच दुकानातून, शक्यतो त्याच लॉटचे आणखी डबे उचला.

डिस्कच्या मागच्या रंगावरून दर्जा कळतो का?

सीडी-आरमध्ये रंगद्रव्याचा अंदाज येतो. गडद निळी असेल तर अ‍ॅझो, हिरवट-निळसर असेल तर सायनाइन, फिकट आणि जवळजवळ पारदर्शक असेल तर थॅलोसायनाइन. सायनाइन प्रकाशाला सर्वांत नाजूक. डीव्हीडी-आर बहुतेक सगळ्याच जांभळट दिसतात, त्यावरून काही ठरवू नका.

काळी किंवा रंगीत प्लास्टिकची सीडी 'जास्त चांगली वाजते' हा समज आहे. डोळ्यांना ती काळी दिसली तरी लेसरच्या अवरक्त किरणाला ती पारदर्शकच असते.

डोळ्यांनी तपासण्यासारखं वेगळंच आहे. डिस्क दिव्यासमोर तिरपी धरा. रंगद्रव्याच्या थरात डाग, बुडबुडे, धूमकेतूसारखी शेपटी किंवा बाहेरच्या कडेला फिकट पट्टा दिसला तर ती बाजूला ठेवा.

प्लस की मायनस?

डेटासाठी कोणतीही. डीव्हीडी+आरची दिशादर्शन आणि अ‍ॅड्रेस शोधण्याची रचना जास्त मजबूत आहे, म्हणून दोन्ही समोर असतील तर प्लस घ्या. पण घरच्या २००५ च्या आसपासच्या डीव्हीडी प्लेअरवर आजीला लग्नाची फिल्म दाखवायची असेल, तर डीव्हीडी-आर चालण्याची शक्यता जास्त. प्लसच वापरायची असेल तर राइट करण्याआधी 'बुकटाइप' (डिस्कचा प्रकार सांगणारी तिच्यावरची नोंद) डीव्हीडी-रॉम असा बदलून घ्या. राइटर परवानगी देत असेल तर इमजीबर्नमध्ये ही सोय आहे. मग प्लेअरला ती छापील डीव्हीडीच वाटते.

गाडीतल्या जुन्या सीडी प्लेअरसाठी साधी सीडी-आरच. सीडी-आरडब्ल्यू प्रकाश खूपच कमी परावर्तित करते आणि जुन्या प्लेअरचा लेसर तिला ओळखतच नाही. आरडब्ल्यू प्रकारच्या डिस्क तात्पुरत्या कामासाठी ठीक, जपणुकीसाठी नाहीत.

ब्लू-रेमध्ये एचटीएल आणि एलटीएच हा काय प्रकार आहे?

हा फरक पैसे देण्याआधी समजून घ्या. एचटीएल डिस्कमध्ये राइट होणारा थर अजैविक, म्हणजे धातू किंवा सिलिकॉनसारख्या पदार्थांचा असतो. उजेडाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. एलटीएच डिस्क स्वस्तात बनवण्यासाठी पुन्हा डीव्हीडीसारखं सेंद्रिय रंगद्रव्य वापरलं गेलं. म्हणजे ब्लू-रेचे पैसे मोजून डीव्हीडीचा कमकुवतपणा विकत घ्यायचा. डब्यावर बारीक अक्षरांत 'एलटीएच टाइप' लिहिलेलं असतं. दिसलं की परत ठेवा.

एम-डिस्क या जपणुकीच्या खास डिस्कचा थरही अजैविक आणि खूप टिकाऊ आहे. डीव्हीडीच्या आकारातली एम-डिस्क राइट करायला तिच्यासाठी पात्र ठरवलेला, जास्त ताकदीचा राइटर लागतो. ब्लू-रे एम-डिस्कला तशी अट नाही. चांगल्या एचटीएल बीडी-आरच्या मानाने तिची किंमत बरीच जास्त असते. तेवढ्या पैशांत साध्या एचटीएलच्या दोन प्रती करून दोन गावांत ठेवणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं.

हळू राइट केलं की जास्त टिकतं ना?

अर्धं खरं आहे. खूप वेगात बाहेरच्या कडेला डिस्क थरथरते आणि चुका वाढतात. पण आजच्या १६एक्स डिस्कचं रंगद्रव्य वेगवान लेसरसाठी बेतलेलं असतं. ते २एक्सला राइट केलं तर खुणा बेढब उमटू शकतात. म्हणून मधला वेग : १६एक्स डीव्हीडी ८एक्सला, ५२एक्स सीडी १६ ते २४एक्सला, ६एक्स बीडी-आर ४एक्सला. तुमच्या राइटरवर हे थोडं वरखाली होऊ शकतं. तीन डिस्क तीन वेगांनी राइट करून तपासल्या की उत्तर मिळतं, आणि एवढा खर्च करण्यासारखा आहे.

४.७ जीबीची डिस्क असून ४.५ जीबीचं फोल्डर का बसत नाही?

कंपनी जीबी दशमान पद्धतीने मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. ४.७ जीबी म्हणजे विंडोजच्या भाषेत सुमारे ४.३८. तसंच २५ जीबीची बीडी-आर सुमारे २३.३ भरते.

आणि ४.३८ पर्यंतही भरू नका. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. रंगद्रव्य फिरत्या डिस्कवर ओतून पसरवलेलं असल्याने त्याची जाडी कडेलाच सर्वांत जास्त बिघडते. हाताचे ठसे आणि ओलावाही आधी कडेलाच लागतो. दहा वर्षांनी 'शेवटच्या चार फाइली उघडत नाहीत' ही तक्रार येते ती यामुळे. ४ ते ४.२ वर थांबा.

उरलेल्या जागेचा याहून चांगला उपयोगही आहे. फाइली ३.७ च्या आसपास ठेवा, आयएसओ इमेज (डिस्कचा सगळा मजकूर एकाच फाइलमध्ये) तयार करा आणि डीव्हीडिझॅस्टर या प्रोग्रामने तिच्यात दुरुस्तीचा मजकूर मिसळून मग राइट करा. पुढे काही भाग वाचेनासे झाले तरी त्या मजकुराच्या आधाराने मूळ फाइली परत बांधता येतात.

राइट झाल्यावर तपासायचं कसं?

पहिली पायरी व्हेरिफाय, म्हणजे राइट झालेला मजकूर परत वाचून मुळाशी ताडणं. इमजीबर्नमध्ये त्याची खूण कायम ठेवा, कितीही घाई असली तरी. पण व्हेरिफाय एवढंच सांगतो की आज, याच राइटरमध्ये डिस्क वाचता आली. ती काठावर पास झाली की आरामात, हे कळत नाही.

दुसरी पायरी, डिस्क दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून सगळ्या फाइली हार्ड डिस्कवर उतरवा आणि एसएचए-२५६ ची बेरीज (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) मूळ फाइलींशी ताडून बघा.

तिसरी पायरी चुकांची मोजणी. प्रत्येक डिस्कवर चुका असतातच, ड्राइव्ह त्या दुरुस्त करत वाचतो. दुरुस्तीची मर्यादा किती जवळ आली आहे ते पाहायचं असतं. लाइट-ऑनच्या जुन्या आयहॅस मालिकेतले ड्राइव्ह ही मोजणी चांगली करतात. सोबत निरो डिस्कस्पीड, ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोल किंवा क्यूपीएक्सटूल वापरा. डीव्हीडीत पीआय एरर (दुरुस्तीच्या पहिल्या फेरीत सापडणाऱ्या चुका) आठ ब्लॉकांच्या बेरजेत २८० च्या आत असावेत असं मानक सांगतं. घरी जपायच्या डिस्कवर मात्र ते बहुतेक ठिकाणी ५० च्या खाली आणि पीआय फेल्युअर (त्या फेरीत दुरुस्त न झालेल्या चुका) ४ च्या आत हवेत. सीडीत सी१ ची (पहिल्या फेरीतल्या चुकांची) सरासरी दर सेकंदाला २२० ही कमाल मर्यादा आहे. चांगल्या डिस्कवर ती एक-दोन अंकी असते. सी२ (त्याहून गंभीर चुका) शून्यच हवा. एकही दिसला तर ती सीडी पुन्हा करा.

मोजणी न करणारा ड्राइव्ह असेल, तर डिस्कस्पीडमधला वाचनवेगाचा आलेख काढा. रेषा सलग चढत गेली तर ठीक. मध्येच खड्डे पडत असतील तर तिथे ड्राइव्ह अडखळतो आहे.

राइट करताना मध्येच एरर येते. डिस्क खराब की राइटर?

'पॉवर कॅलिब्रेशन एरर' सुरुवातीलाच आली, तर राइटरला या डिस्कसाठी लेसरची ताकद ठरवता आली नाही. वेगळ्या कोडची डिस्क घालून बघा. ती चालली तर दोष जोडीचा आहे. कोणतीच चालेना तर लेसरवर धूळ बसली आहे किंवा त्याचं आयुष्य संपत आलं आहे.

लॅपटॉपला लावायच्या पातळ यूएसबी राइटरमध्ये खरा गुन्हेगार बऱ्याचदा वीज असते. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं आणि राइट करताना एवढी पुरत नाही. हब काढून टाका, ३.० च्या पोर्टला आखूड वायरीने थेट जोडा, दोन तोंडांची वायर मिळाली असेल तर दोन्ही तोंडं लावा. यूएसबी हार्ड डिस्कवरून थेट राइट न करता फाइली आधी आतल्या डिस्कवर घ्या.

९० टक्क्यांपुढे पडणाऱ्या एररचा संशय डिस्कच्या कडेवर घ्या. वेग एक पायरी कमी करा आणि मजकूर कमी भरा.

नाव कशाने लिहायचं? स्टिकर चालेल का?

स्टिकर नको. तो जरासा जरी तिरका बसला तरी डिस्कचा तोल जातो, आणि दमट हवेत कागद ताणून डीव्हीडीला वाकवतो. पाण्यावर आधारित शाईचं, मऊ टोकाचं सीडी मार्कर घ्या आणि शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा. बॉलपेन कधीही नाही.

सीडीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. तिचा डेटा १.२ मिलिमीटर जाड प्लास्टिकच्या वरच्या टोकाला, छापील बाजूच्या पातळ लाखेखालीच असतो. मागच्या बाजूचा ओरखडा घासून काढता येतो, वरच्या बाजूचा ओरखडा डेटाच खरवडून नेतो. डीव्हीडीत थर दोन ०.६ मिलिमीटर चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. ब्लू-रेत तो खालच्या बाजूने फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, म्हणून तिला खालून जपायचं.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात डिस्क कशा ठेवायच्या?

अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने ४ ते २० अंश सेल्सिअस आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. रत्नागिरीत किंवा पणजीत जुलैमध्ये हे घरात मिळणं अवघडच. जमेल ते असं करा : डिस्क स्वतंत्र कडक केसमध्ये उभ्या, केस हवाबंद झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. जेलचा रंग बदलला की गरम करून वाळवायचं आणि परत ठेवायचं. डबा बाहेरच्या भिंतीला लागून, माळ्यावर पत्र्याखाली किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका. घरातली सर्वांत कमी तापणारी आतली खोली बरी. मऊ पीव्हीसी खिशांचे अल्बम टाळा, काही वर्षांनी ते डिस्कला चिकटतात. गाडीच्या डॅशबोर्डवर तर एकही दिवस नाही.

डिस्क पुसायची वेळ आलीच तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल पुसल्याने पडलेला ओरखडा डेटाच्या दिशेने लांबवर जातो आणि दुरुस्ती हरते.

स्टुडिओने दिलेली लग्नाची डीव्हीडी, इस्पितळाने दिलेली एमआरआयची सीडी. यांचं काय?

त्या कुठल्या डिस्कवर आणि कुठल्या वेगाने राइट झाल्या हे तुमच्या हातात नव्हतं, आणि घाईत बहुधा सर्वांत जास्त वेगाने झाल्या असतील. मिळाल्या त्याच आठवड्यात पूर्ण आयएसओ इमेज काढून हार्ड डिस्कवर ठेवा आणि स्वतः निवडलेल्या डिस्कवर एक प्रत करा.

आधीच अडकत असतील तर पुन्हा पुन्हा घालून बघत बसू नका. पुसून, दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने एकाच इमेज फाइलमध्ये वाचन जमवत जा. एका ड्राइव्हला न दिसलेला भाग दुसऱ्याला दिसतो.

केलेल्या डिस्क किती वर्षांनी पुन्हा पाहायच्या?

राइट केल्या दिवशीची मोजणी जपून ठेवा, कारण तुलना तिच्याशीच करायची आहे. पहिली तपासणी एका पावसाळ्यानंतर, मग दर दोन वर्षांनी. प्रत्येक लॉटमधली एक-दोन डिस्क पुरतात. चुका दुपटीने वाढल्या किंवा कडेला उंच शिखरं दिसू लागली, तर त्या लॉटच्या सगळ्या डिस्क नव्या डिस्कवर उतरवा, वाचता येत असतानाच. डिस्कसोबत चालू स्थितीतला एक जादा ड्राइव्हही खोक्यात ठेवून द्या. चांगले राइटर कोऱ्या डिस्कइतक्याच वेगाने बाजारातून नाहीसे होत आहेत.